एका मताने वाचलेलं दार

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. वेळ असेल तेव्हा वाचा.

भाचीकडे हँबर्गला गेले होते, तिथून ल्यूबेकला दोनदा जाऊन आले. रेल्वेने पाऊण तास. फोटो टाकल्यावर दोन प्रकारची माणसं बोलली. एक म्हणाले, "बघा, त्यांनी कसं जपलंय, नाहीतर आपल्याकडे!" दुसरे म्हणाले, "त्यांच्याकडे पैसा आहे, जपणारच." मला दोन्ही पटलं नाही. मालवणात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर यातलं कुठलंच बोलून मोकळं होऊ नये असं वाटतं. का, ते सांगते.

ल्यूबेकच्या स्टेशनातून बाहेर पडून पाच-दहा मिनिटं चाललं की होल्स्टनटोर समोर येतं. शहराची वेस. दोन जाडजूड गोल बुरूज, वर टोकदार काळ्या टोप्या, मधे कमान, सगळं विटांचं. १४६४ ते १४७८ या काळात बांधलेलं. जुन्या ५० मार्कांच्या नोटेवर याचं चित्र होतं, २००६ सालच्या २ युरोच्या नाण्यावरही आहे. नीट बघितलं तर बुरूज एकमेकांकडे कलल्यासारखे दिसतात. खाली दलदल, वर एवढं वजन, मग काय होणार!

तर या दाराचा एकोणिसाव्या शतकात खुद्द ल्यूबेककरांनाच कंटाळा आला होता. पडीक झालेलं, खचलेलं, वाटेत आडवं. त्याच्या पुढ्यातलं बाहेरचं दार रेल्वेच्या पायी आधीच गेलं होतं. १८५५ साली सहाशेहून जास्त नागरिकांनी सह्या करून अर्ज दिला, की हेही पाडून टाका. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १८६३ मध्ये शहराच्या सभागृहात मतदान झालं आणि दार वाचलं ते एका मताने. एका! एखाद्या सभासदाला त्या दिवशी पडसं झालं असतं आणि तो घरी राहिला असता, तर आज त्या नाण्यावर दुसरं काहीतरी असतं.

म्हणजे 'जपणारी माणसं' नावाची वेगळी जात नसते. पाडा म्हणणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांना रस्ता हवा होता, रेल्वे हवी होती, पुढे जायचं होतं. आणि पैशाचं म्हणाल तर १८६३ चं ल्यूबेक काही श्रीमंतीच्या शिखरावर नव्हतं. वैभव उतरून दोन-तीन शतकं झाली होती, हँबर्ग केव्हाच पुढे निघून गेलं होतं. ठरवण्यासाठी एक सभागृह होतं, तिथे हा विषय आला, लोक भांडले आणि हात वर झाले. एवढंच.

आता हे वैभव कसलं, ते थोडक्यात सांगायला हवं.

ल्यूबेकचं जुनं शहर म्हणजे नदी-कालव्यांनी वेढलेलं एक लांबट बेट. साधारण दोन किलोमीटर लांब, एक रुंद. आणि गंमत म्हणजे या जगप्रसिद्ध बंदरातून समुद्र दिसतच नाही. समुद्र वीसेक किलोमीटरवर, ट्राव्हेम्युंडे गावाशी. जहाजं ट्राव्हे नदीतून आत यायची. कोकणातल्या माणसाला हे समजवायला नको. जुनी तारवं खाडीतून आत राजापूरपर्यंत जात होतीच की. वादळ लागत नाही, चाचे पोचत नाहीत, पण जहाजं मोठी झाली की बंदर खाली सरकतं. तेच तिथे झालं.

११४३ साली हे गाव वसलं, जळलं, ११५९ मध्ये पुन्हा वसवलं गेलं आणि १२२६ साली सम्राटाने त्याला थेट आपल्या छत्राखालचं मुक्त शहर केलं. म्हणजे मधला राजा-सरदार कुणी नाही. पुढची काही शतकं उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांची जी एकजूट होती, जिला हान्से म्हणतात, तिचं हे प्रमुख शहर. तुम्ही हान्से हा शब्द ऐकलेला आहे, फक्त माहीत नाही. विमान कंपनी लुफ्थान्सा? त्यातला 'हान्सा' तोच. ल्यूबेकच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही 'एचएल' असतं, हान्से शहर ल्यूबेक. हँबर्गच्या गाड्यांवर 'एचएच'. आपल्याकडे श्रेणी म्हणत तसलं काहीतरी, पण शहराशहरांचं मिळून. कायमची फौज नाही, घटना नाही, सभासदांची पक्की यादीसुद्धा नाही. लंडन, ब्रुझ, बर्गेन, नोव्हगोरोद इथे त्यांच्या वखारी होत्या. अडचण आली की शहरांचे प्रतिनिधी बहुतेक वेळा ल्यूबेकला जमायचे. असा शेवटचा मेळावा १६६९ साली झाला, त्याला मोजकीच शहरं आली.

हे सगळं कशावर उभं होतं माहितीये? मीठ आणि मासळी. तिथून जवळ ल्यूनेबुर्ग गावात जमिनीखालून खारं पाणी निघायचं, ते आटवून मीठ करायचे. ते मीठ आधी बैलगाड्या-घोडागाड्यांनी आणि १३९८ पासून श्टेक्निट्झ कालव्यातून ल्यूबेकला यायचं. तिथून जहाजाने आजच्या दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावर, जिथे हेरिंगचे थवेच्या थवे लागायचे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातली. ती खारवायची, पिंपात भरायची आणि अख्ख्या युरोपला विकायची. ख्रिस्ती उपवासाच्या दिवशी मांस चालत नाही, मासा चालतो, आणि तसे दिवस वर्षात भरपूर. खाऱ्या बांगड्यावर पावसाळा काढलेल्या माणसाला यातलं अर्थशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

होल्स्टनटोरला लागूनच नदीकाठी मिठाची सहा जुनी गोदामं उभी आहेत, १५७९ ते १७४५ या काळात बांधलेली. विटांची, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी कपाळाची. सिनेमावाल्यांसाठी: १९२२ च्या मूक 'नोस्फेराटू' मधल्या भुताचं घर हेच. मी तिथे बराच वेळ काठावर बसून होते. मिठाचं गोदाम इतकं सुंदर बांधायचं कुणाला सुचलं असेल, हाच विचार डोक्यात.

पण भाळून जायचं कारण नाही. ही व्यापारी मंडळी संत नव्हती. १२८४ मध्ये नॉर्वेशी वाजलं तेव्हा त्यांनी नॉर्वेचं धान्य अडवलं. माणसं उपाशी राहिली आणि नॉर्वेच्या राजाला नमतं घ्यावं लागलं. पुढे डेन्मार्कच्या राजाशी युद्ध करून १३७० साली त्याच्याकडून तह लिहून घेतला. आजकाल हान्सेचं कौतुक 'मुक्त व्यापार' आणि 'जुनं युरोपियन युनियन' असं करायची फॅशन आहे. मला ते धुवून-पुसून ठेवलेलं वाटतं. ती मक्तेदारी होती. फायद्याची होती, हुशारीची होती, पण मक्तेदारीच.

माझ्या मनात खरं घर केलं ते मारियनकिर्शेनं, सेंट मेरीच्या चर्चने. व्यापाऱ्यांनी बिशपच्या कॅथेड्रलला खिजवायला बांधलेलं म्हणा हवं तर. मधल्या छताची उंची ३८ मीटरच्या वर, आणि सगळं विटेत. दगड त्या भागात नाहीच. दक्षिणेकडच्या मनोऱ्याखाली गेलात की जमिनीवर दोन प्रचंड घंटा पडलेल्या दिसतात. फुटलेल्या, चेपलेल्या. २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री, ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बाँब टाकले. तीनशेहून जास्त माणसं मेली, जुन्या शहराचा साधारण पाचवा हिस्सा जळला. मनोरा पेटला आणि घंटा खाली कोसळल्या. त्या जिथे पडल्या तिथेच ठेवल्यात. उचलल्या नाहीत, वितळवल्या नाहीत, जोडल्या नाहीत. जवळच इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. ते शहर १९४० मध्ये जर्मन बाँबनी उद्ध्वस्त झालं होतं. हिशेब एका बाजूचा मांडलेला नाही. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच सांगून थांबणं सोपं होतं. त्यांनी तसं केलेलं नाही.

त्या रात्रीनंतर सकाळी ल्यूबेकच्या एका पाद्र्याने, कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक त्याचं नाव, प्रवचनात म्हटलं की या आगीतून देवच आपल्याशी बोललाय. काही दिवसांत त्याला अटक झाली. तो आणि तीन कॅथलिक धर्मगुरू, चौघांचाही १० नोव्हेंबर १९४३ रोजी हँबर्गच्या तुरुंगात शिरच्छेद केला गेला. दोन वेगळ्या पंथांची माणसं, एकाच दिवशी, एकामागून एक. शहर त्यांना विसरलेलं नाही.

याच चर्चमध्ये एक भन्नाट लबाडीही झाली. बाँबच्या आगीत भिंतींवरचा चुना निघाला आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी पडली. युद्धानंतर ती दुरुस्त करायचं काम डीट्रिश फाय नावाच्या माणसाला दिलं. त्याच्या हाताखाली लोठार माल्स्काट नावाचा चित्रकार. १९५१ मध्ये चर्चच्या सातशे वर्षांचा सोहळा झाला, चॅन्सेलर आडेनाउअर आले, पोस्टाने या चित्रांची तिकिटं काढली. आणि १९५२ मध्ये माल्स्काटने स्वतःच जाहीर केलं: वरच्या भागातली ती 'मध्ययुगीन' चित्रं मीच काढलीत. श्रेय सगळं फायला मिळालं याचा त्याला राग होता म्हणतात! लोक आधी विश्वास ठेवेनात, शेवटी खटला होऊन दोघांना शिक्षा झाली. याच माल्स्काटने युद्धाआधी श्लेस्विगच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकाच्या म्हणून रंगवलेल्या चित्रांत टर्की पक्षी घातले होते. टर्की अमेरिकेतला, कोलंबसानंतर युरोपात आलेला. पण नाझी विद्वानांनी त्यावरून सिद्धान्त काढला की आमच्या पूर्वजांनी अमेरिका कोलंबसाच्या आधीच शोधली होती. हसू नका फार. अभिमानाला पुरावा हवा असतो तेव्हा तो रंगवून मिळतो, हे काही फक्त जर्मनीत होत नाही.

आणखी एक जागा बघितली, जी पर्यटकांच्या पुस्तकात नसते. जुन्या बेटाबाहेर, हाफेनश्ट्रासे, म्हणजे बंदर रस्ता. १८ जानेवारी १९९६ च्या रात्री तिथल्या निर्वासितांच्या घराला आग लागली आणि दहा माणसं मेली. त्यात लहान मुलंही होती. कुणालाही शिक्षा झाली नाही, प्रकरण आजही उलगडलेलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी याच शहरातल्या सिनेगॉगवर आग लावणारा हल्ला झाला होता. म्हणून म्हणते, 'तिकडचे लोक बघा' असला आदर्श डोक्यावर घेऊ नका. घंटा जमिनीवर ठेवणारं शहर तेच आणि हेही तेच.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ल्यूबेकचं जुनं शहर १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. यादीत नुसतं दार किंवा चर्च नाही, जुन्या शहराचे मोठे भागच आहेत. आणि त्या शहरात माणसं राहतात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मोठ्या रस्त्यावरच्या घरांच्या मधून बुटकी दारं दिसतात. वाकून आत शिरलं की बोळ लागतो आणि बोळाच्या पोटात छोटी छोटी घरं. त्यांना गेंगे म्हणतात. व्यापाऱ्यांनी आपल्या परसात मजूर, कारागीर, हमाल यांच्यासाठी बांधलेली ही खोपटी. बोळ निदान शवपेटी बाहेर नेता येईल एवढा रुंद हवा, असा नियम होता असं सांगतात. असे नव्वदेक बोळ अजून आहेत. खिडकीत गुलाब, दारात सायकल, दोरीवर वाळत घातलेले मोजे. एका बोळाच्या तोंडाशी पाटी होती, की इथे लोक राहतात, शांतता पाळा. मी शांतता पाळली. एका आजींनी खिडकीतून मान हलवून ओळख दिली, तेवढंच बोलणं झालं. जवळच फ्युख्टिंग्सहोफ म्हणून १६३९ सालचं आवार आहे, खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या विधवांसाठी बांधलेलं. तिथेही घरं वापरात आहेत. मजुरांच्या या खोपटांनाही आज वारसा म्हणतात, फक्त शेठजींच्या वाड्यांना नाही.

सगळं आलबेल आहे असं नाही. या गोजिरवाण्या घरांना सुट्टीवर आलेल्यांकडून जास्त भाडं मिळतं, त्यामुळे कायमची राहणारी माणसं कमी होण्याची भीती तिथेही आहे आणि त्यावरून वाद आहेत. बाजारचौकात २००५ मध्ये कपड्यांच्या दुकानाची एक आधुनिक इमारत उभी राहिली, तिच्यावरून शहर भांडलं. मलाही ती आवडली नाही. बाँबने जळालेल्या भागात युद्धानंतर जुन्या अरुंद जागा पुसून मोठ्या शाळा बांधल्या होत्या. त्या अलीकडे पाडल्या, आधी खाली उत्खनन केलं, मध्ययुगीन लाकडी तळघरं सापडली, मग जुन्या नकाशाप्रमाणे छोटे छोटे प्लॉट पाडून वेगवेगळ्या लोकांना विकले. अट एकच नव्हे, बऱ्याच. उंची, रुंदी, समोरच्या भिंतीची घडण, सगळ्याला नियम. पण नक्कल करा असं नाही. घरं नवीन दिसतात आणि तरी रांगेत बसतात. मला हा प्रयोग आवडला. मात्र तिथे प्लॉट घ्यायची ऐपत गेंगेतल्या माणसाची नाही, हेही दिसतं.

आणि यादीतलं नाव काही जन्माचं वतन नसतं. जर्मनीतल्याच ड्रेस्डेनचं नाव एका नव्या पुलापायी २००९ मध्ये युनेस्कोने काढून टाकलं. लोकांनी मतदान करून पूल निवडला होता. त्यांचा निर्णय, त्यांची किंमत.

हे सगळं तुम्हाला का सांगतेय, ते एव्हाना कळलं असेल. जुलै २०२५ मध्ये महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यात आपला सिंधुदुर्ग आहे. फटाके वाजले, फलक लागले, मीही पेढे वाटले. पण आपला किल्ला त्या अकरांपैकी बहुतेकांपेक्षा वेगळा आहे हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. १६६४ ते १६६७ मध्ये कुरटे बेटावर बांधलेल्या या किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. पूजाअर्चा चालू आहे, चूल पेटते, पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांची पंचाईत होते.

केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरवर परवानगीची अट, घर दुरुस्त करायचं तरी मंजुरी. हा कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो नसता तर आज काय काय उभं असतं देव जाणे. पण आता वर जागतिक वारसा आलाय, आराखडे होतील, सुशोभीकरणाचे प्रस्ताव येतील, निधी येईल. त्या आराखड्यात किल्ल्यातली ही घरं कुठल्या रंगात दाखवणार? वारसा म्हणून की अतिक्रमण म्हणून? जेटीवरच्या होडीवाल्यांचं काय ठरणार? छप्पर गळायला लागलं तर किती दिवसांत परवानगी मिळणार, आणि कौलं कुठली घालायची हे कोण सांगणार?

ल्यूबेकमध्ये हे प्रश्न सभागृहात येतात, वर्तमानपत्रात येतात, लोक हरतात-जिंकतात. आपल्याकडे आराखडा बहुधा तयार होऊनच येतो आणि आपण त्याच्या उद्घाटनाला जातो. मला वाटतं यावर मालवणात एक उघडी बैठक व्हायला हवी. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी, नगरपरिषद, होडीवाले आणि किल्ल्यातली कुटुंबं एका जागी. कुटुंबं पहिल्या रांगेत. आराखडा मराठीत छापलेला, आठ दिवस आधी हातात. गणपतीनंतर, दर्याला नारळ देऊन होड्या सुरू झालेल्या असतील तेव्हा, म्हणजे बेटावरच्यांनाही येता येईल.

नगरपरिषदेतलं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर तारीख सुचवा. खुर्च्या लावायला आणि चहाचं बघायला मी आहे.

(मार्झिपान आणलंय. बदामाची वडीच, काजूकतलीची चुलत बहीण म्हणा. ज्यांना हवं असेल त्यांनी घरी या, पोस्टाने पाठवणार नाही.)